४० मीटरच्या घरगुती सेटसाठी सिंथेसायझर चिप कोणती घ्यावी?

खानापूरहून एका मुलीनं विचारलंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच हातात आलंय. प्रश्न थोडक्यात असा: "काका, ४० मीटरचा एसएसबी-सीडब्ल्यू सेट स्वतः बांधायचा आहे. नंतर २० मीटर आणि जमलं तर २ मीटर. व्हीएफओसाठी एसआय५३५१ घेऊ, एडी९८५० घेऊ की एसआय५७०? कुणी म्हणतं ५३५१ ची लहर चौकोनी, म्हणून घाण. ९८५० स्वच्छ साइन देते. कुणी म्हणतं सरळ एडीएफ४३५१ घे, ती ४ गिगाहर्ट्झच्या वर जाते, म्हणजे सगळंच होईल. पैसे एकदाच घालता येतील."

नव्यांसाठी: ४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड, २० मीटर १४ चा, २ मीटर १४४ चा. एसएसबी म्हणजे एकाच साइडबँडवर बोलणं, सीडब्ल्यू म्हणजे मोर्स, आणि व्हीएफओ म्हणजे सेट ट्यून करणारा, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर. वरची चारही नावं हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या सिंथेसायझर चिपची. आधी उत्तर देतो. एसआय५३५१ए चं तयार मॉड्यूल घे, आणि एक नको, दोन घे. ४० आणि २० मीटरला ते पुरेल. २ मीटरसाठी वेगळा विचार करावा लागेल, त्याकडे शेवटी येतो. पण नुसतं नाव सांगून उपयोग नाही. कारण कळलं नाही तर पुढच्या सेटच्या वेळी तू पुन्हा इथंच अडकशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एडीएफ४३५१ आधी बाजूला ठेवू. ती ३५ मेगाहर्ट्झपासून सुरू होते आणि ४४०० पर्यंत जाते. तुला हवेत ७ आणि १४. म्हणजे तुझ्या कामाच्या जागी ती पोचतच नाही. शिवाय तिच्या पोटाखाली ग्राउंडचा पॅड असतो, हॉट एअर गनशिवाय ती नीट बसत नाही. मायक्रोवेव्हच्या कामाला उत्तम चिप आहे, तुझ्या कामाची नाही. चिपची सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी बघून निवड करायची सवय लागली असेल तर ती आत्ताच मोड.

आता चौकोनी आणि साइनचा मुद्दा. यातच बहुतेकांची गफलत होते, म्हणून इथं थोडं थांबू.

व्हीएफओ, म्हणजे सेटचा लोकल ऑसिलेटर, कुठं जातो? मिक्सरमध्ये. मिक्सर काय करतो? एक स्विच उघडतो आणि बंद करतो. तू डायोड रिंग वापर, नाहीतर एफएसटी३२५३ सारखा ॲनालॉग स्विच वापर, दोन्हींना झटकन उघडणारा आणि झटकन मिटणारा इशारा हवा असतो. साइन लहर शून्याच्या आसपास हळू सरकते. तेवढा वेळ डायोड धड उघडे नसतात, धड बंदही नसतात, आणि जोरदार सिग्नल आला की नेमक्या त्या वेळात गडबड होते. चौकोनी लहर हा वेळ कमी करते. खुद्द एडी९८५० च्या आत एक वेगवान कंपॅरेटर बसवलेला आहे, तो आपल्याच साइनची चौकोनी लहर करून देण्यासाठी. क्लॉक म्हणून वापरायचं तर तसंच लागतं, हे चिप बनवणाऱ्यांना ठाऊक होतं.

मग चौकोनी लहर त्रास कुठं देते? दोन ठिकाणी. पहिलं, तिच्यात तिसरा हार्मोनिक मूळ लहरीपेक्षा जेमतेम साडेनऊ डेसिबल खाली असतो. ७.१ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर थेट वाढवून अँटेनाला दिलीस तर २१.३ वरही तुझं प्रसारण चालू होईल. म्हणून पॉवर ॲम्प्लिफायरनंतरचा लो-पास फिल्टर नीट, मोजून, पूर्ण बांधायचा. त्यात कसर नको. दुसरं, रिसीव्हरमध्ये ऑसिलेटरचा तिसरा हार्मोनिकही मिक्सिंग करतो. समजा आयएफ, म्हणजे मिक्सरनंतर सिग्नल ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला येतो ती, १२ मेगाहर्ट्झ आहे आणि व्हीएफओ ४.९. तिसरा हार्मोनिक १४.७, म्हणजे २.७ आणि २६.७ वरचे सिग्नलसुद्धा आयएफमध्ये शिरायला बघतील. त्यांना अडवायचं काम अँटेनाकडच्या बँडपास फिल्टरचं. डायोड रिंगला साइन दिलीस तरी डायोड स्वतःच स्विच होतात, त्यामुळे हा हार्मोनिक प्रतिसाद राहतोच. म्हणून "घाण" हा शब्द चिपला लावण्याआधी पुढचा फिल्टर कसा बांधलाय ते बघावं.

एडी९८५० वाईट आहे असं मात्र समजू नकोस. १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर, ३२ बिटच्या आकड्यानं चालते, म्हणजे एक पायरी ०.०२९ हर्ट्झची. ७.१ मेगाहर्ट्झ हवं असेल तर तिला २४,३९,५४,१४२ हा आकडा द्यायचा, बस. फ्रिक्वेन्सी बदलताना लहर तुटत नाही. चांगला क्लॉक असेल तर तिचा फेज नॉइजही (लहरीभोवतीची खवखव, पुढं सांगतो) ५३५१ पेक्षा सरस ठरू शकतो. पण तिचा दोष निराळ्या जातीचा आहे. तिचा डीएसी, म्हणजे आकड्यांची लहर करणारा भाग, १० बिटचा, त्यातून हार्मोनिक निघतात आणि १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर आपटून उलटे परत येतात. १४.० वर असताना आठवा हार्मोनिक ११२, तो १२५ मधून वजा झाला की १३.० वर एक स्पर, म्हणजे नको असलेली लहर, उभा. तू आकडा १ किलोहर्ट्झ वर नेलास की हा स्पर ८ किलोहर्ट्झ खाली पळतो. रिसीव्हरमध्ये ट्यूनिंगपेक्षा भराभर आणि उलट्या दिशेनं धावणारी शिट्टी ऐकू आली तर समज की तो डीडीएसचा, म्हणजे ९८५० सारख्या आकड्यांतून लहर घडवणाऱ्या चिपचा, स्पर. अँटेना काढ. शिट्टी तरीही राहिली तर खात्रीच.

आणखी एक, ९८५० चं आउटपुट मिक्सरला पुरत नाही. डायोड रिंगला साधारण ७ डीबीएम लागतात, म्हणजे ५० ओहमवर सुमारे १.४ व्होल्ट पीक-टू-पीक. तिथं एका ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर लावावा लागतो. ५३५१ चा ८ मिलिअँपिअरचा ड्राइव्ह हे काम थेट करतो. वर ५ व्होल्टवर ९८५० सुमारे ३८० मिलिवॅट खाते आणि गरम होते. बॅटरीवर रानात बसायचं असेल तर हे जाणवतं.

माझ्याकडे एक ९८५० गेली कित्येक वर्षं आहे, पण ती सेटमध्ये नाही, टेबलावर आहे. फिल्टर स्वीप करायला, क्रिस्टल मोजायला, अँटेना तपासायला तिच्यासारखी चिप नाही. पुढं कधी स्वस्तात मिळाली तर त्या कामासाठी जरूर घे.

आता ५३५१ आतून कशी चालते ते बघ, कारण ती नीट चालवली तरच चांगली चालते. आत २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्यावरून दोन पीएलएल (क्रिस्टलशी ताडून फ्रिक्वेन्सी बांधून ठेवणारी सर्किटं) आपापला व्हीसीओ, म्हणजे आतला वेगवान ऑसिलेटर, ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये कुठंतरी लॉक करतात. मग मल्टिसिंथ नावाचा डिव्हायडर त्याला भागून तुझी फ्रिक्वेन्सी काढतो. डिव्हायडर अपूर्णांकातही चालतो, आणि पुष्कळ तयार लायब्ररी सोपं म्हणून तेच करतात: पीएलएल स्थिर ठेवतात आणि डिव्हायडर अपूर्णांकात हलवतात. हे उलटं करायचं. डिव्हायडर पूर्ण आणि सम आकड्यावर ठेवायचा आणि ट्यूनिंग पीएलएलवर करायचं. तेव्हा लहरीतला जिटर, म्हणजे कडांची थरथर, कमी असतो. ४० मीटरसाठी डिव्हायडर १२० ठेव. ७.० ला व्हीसीओ ८४० वर, ७.२ ला ८६४ वर. दोन्ही हद्दीत. पूर्ण बँडभर डिव्हायडर बदलायलाच नको, त्यामुळे पीएलएल रिसेट करावा लागत नाही आणि ट्यून करताना टक-टक आवाज येत नाही. २० मीटरला ६० ठेव, १४.० ते १४.३५ म्हणजे ८४० ते ८६१. पायरी किती बारीक मिळते तेही काढून बघ. पीएलएलच्या अपूर्णांकाचा छेद १०,४८,५७५ पर्यंत जातो, म्हणजे व्हीसीओवर सुमारे २४ हर्ट्झ. त्याला १२० नं भागलं की ०.२ हर्ट्झ. कानाला याहून बारीक काय लागणार?

याच पद्धतीत आणखी एक सोय आहे. दोन आउटपुट एकाच पीएलएलवर घेतले, दोन्हींचा डिव्हायडर १२०, आणि एकाच्या फेज रजिस्टरमध्येही १२० घातलं, तर दोघांत नेमका ९० अंशांचा फरक मिळतो; काही रिसीव्हरना असाच जोड लागतो. ते रजिस्टर व्हीसीओच्या पाव आवर्तनात मोजतं, १२० पाव म्हणजे ३० आवर्तनं, म्हणजे १२० चा चौथा हिस्सा. फ्लिप-फ्लॉप लावून चौपट फ्रिक्वेन्सी भागत बसायची गरज उरत नाही. क्यूसीएक्स नावाचा सीडब्ल्यू किट २०१७ साली आला, त्यानं हेच केलं. फक्त रजिस्टर ७ बिटचं आहे, १२७ च्या पुढं जात नाही. म्हणून ४.७६ मेगाहर्ट्झच्या खाली व्हीसीओ आपल्या हद्दीबाहेर उतरतो. ८० मीटरला, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झला, ही युक्ती कागदोपत्री चालत नाही.

५३५१ चा खरा दोष चौकोनी लहर नाही. खरा दोष हा, की एका आउटपुटचा अंश दुसऱ्यात झिरपतो. तिन्ही आउटपुट एकाच इवल्याशा दहा पिनांच्या तुकड्यात आहेत. व्हीएफओ क्लॉक ० वर आणि बीएफओ (आयएफमधून आवाज काढायला लागणारा दुसरा ऑसिलेटर) क्लॉक १ वर घेतलास तर बीएफओचे १२ मेगाहर्ट्झ पहिल्या मिक्सरपर्यंत पोचतात. ऐकताना आयएफमध्ये कायमचा एक कॅरिअर बसतो, आणि पाठवताना तू कितीही बॅलन्स केलास तरी कॅरिअर पूर्ण दबत नाही. माणूस मग मॉड्युलेटरच्या ट्रिमरशी झगडत रात्र घालवतो. चिपच्या पायांकडे बघ: क्लॉक ० आणि १ शेजारी-शेजारी, क्लॉक २ दुसऱ्या टोकाला, मध्ये ग्राउंड आणि सप्लाय. म्हणून ० आणि २ वापर, १ बंद ठेव, आणि व्हीएफओला एक पीएलएल, बीएफओला दुसरा.

त्याहून चांगला उपाय हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या, म्हणजे व्हीयू२ईएसई यांच्या बिटएक्स४० मध्ये दिसतो. तिथं ५३५१ फक्त व्हीएफओ देते, ४.८ ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि बीएफओ बोर्डावरच एका क्रिस्टलचा. नंतरच्या मायक्रोबिटएक्समध्ये त्यांनी तिन्ही आउटपुट वापरले, कारण सगळे एचएफ बँड घ्यायचे होते आणि पहिला आयएफ ४५ मेगाहर्ट्झला नेला होता. तुला दोनच बँड हवेत. पहिल्या सेटला बिटएक्स४० ची वाट धर. बीएफओ म्हणजे एक ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल, एक ट्रिमर. स्वतः बांधलेला ऑसिलेटर चालू होताना बघण्यात जे शिकायला मिळतं ते रजिस्टर लिहून मिळत नाही. फिल्टरसाठी घेतलेल्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधलाच एक बीएफओला वापर.

क्रिस्टलवरून आठवलं. मॉड्यूल हातात आलं की आधी त्यावरचा क्रिस्टल वाच. काहींवर २५ चा असतो, काहींवर २७ चा. मी एकदा न वाचता कोड चढवला, डिस्प्लेवर ७.१०० आणि सेट बसलाय ७.६६८ वर. सगळंच ८ टक्के वर! दोन संध्याकाळी मी फिल्टर तपासत होतो. तसंच ५३५१ च्या जागी एमएस५३५१ नावाची चिनी चिप लावलेली मॉड्यूलंही येतात. ती चालतात, पण खात्रीसाठी दोन्ही मॉड्यूल एकाच सेटमध्ये आलटून-पालटून ऐकून बघ. दोन घे म्हटलं ते यासाठीसुद्धा.

फेज नॉइजबद्दल तू विचारलं नाहीस, पण एसआय५७० चा प्रश्न तिथंच सुटतो. ऑसिलेटरची लहर कधी एका रेघेसारखी बारीक नसते, दोन्ही बाजूंना खवखवीचा पदर पसरलेला असतो. जवळच कुणी जोरदार प्रसारण करत असेल तर ते या पदराशी मिसळून तुझ्या आयएफमध्ये उतरतं आणि कमजोर सिग्नल त्याखाली बुडतो. आपल्याकडे ४० मीटर ७.२ ला संपतो आणि त्याच्या वर लगेच ब्रॉडकास्ट स्टेशनं सुरू. संध्याकाळी ती दणदणीत येतात. तेव्हा बँडच्या वरच्या टोकाला हा फरक कानाला कळतो. ५७० चा पदर ५३५१ पेक्षा बराच अरुंद. १० मेगाहर्ट्झपासून सुरू होते, आतच क्रिस्टल असतो, सॉफ्टरॉक नावाच्या रेडिओ किटवाल्यांनी ती खूप वापरली. पण किंमत कितीतरी जास्त, आउटपुट एकच, करंट सुमारे ९० मिलिअँपिअर. आणि मध्यबिंदूपासून ३५०० पीपीएमच्या (दहा लाखांत ३५०० भागांच्या) पलीकडं गेलं की तिला क्षणभर थांबवून पुन्हा बसवावं लागतं. ७ ची चौपट करून २८ मेगाहर्ट्झला चालवलीस तर ती हद्द ९८ किलोहर्ट्झची. खानापुरात तुझ्या भिंतीपलीकडं कुणी १०० वॅटवर कॉन्टेस्ट खेळत नसेल, तर आत्ता त्यावर पैसे घालू नको.

खवखव ऐकू आली की लोक लगेच चिपला दोष देतात. मीही दिला होता. ५३५१ चा पहिला सेट घरी चालू केला आणि सगळ्या बँडभर एस७ ची, म्हणजे सिग्नल मीटरवर चांगलीच वर दिसणारी, सळसळ. चिप बदलली, डबा बदलला, सप्लायला चोक लावले, फरक शून्य. शेवटी १२ व्होल्टची बॅटरी आणि वीस मीटर वायर घेऊन बेळगावजवळच्या राजहंसगडावर गेलो. तिथं तोच सेट, तीच चिप, आणि बँड इतका शांत की सीडब्ल्यूची कमजोर स्टेशनं एकामागून एक वर आली. दोष घरातल्या एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरचा आणि एका चार्जरचा होता. म्हणून सांगतो, निकाल लावण्याआधी सेट बॅटरीवर घेऊन जांबोटीकडं रानात जा की. तुला तर ते दारातच आहे.

२ मीटरचं बोलू. ५३५१ तिथं पोचते, १४४ ला सहानं भागलं की व्हीसीओ ८६४, हद्दीत बसतं. पण क्रिस्टलची चूक आकड्यासोबत वाढते. ३० पीपीएमची चूक ७.१ ला २१३ हर्ट्झ, बोलणं थोडं जाड-बारीक होईल इतकंच. तीच चूक १४५ ला ४३५० हर्ट्झ, म्हणजे एसएसबीवर माणूस सापडायचाच नाही. पदरही तितकाच रुंदावतो. २ मीटर करशील तेव्हा २८ मेगाहर्ट्झचा ट्रान्सव्हर्टर (२८ चा सिग्नल १४४ ला नेणारा आणि परत आणणारा जोडसंच) कर आणि ११६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर कायमचा बसव. सिंथेसायझरवर भार नको.

खरेदीला आपण मध्यावर आहोत, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एसपी रोड, दोन्हीकडे एका रात्रीचा प्रवास. बेळगावहून कुणी जाणारं असेल तर त्यांच्याकडे यादी दे. मॉड्यूलवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर आहे का ते विचारून घे, नाहीतर ५ व्होल्टच्या आर्डुइनो नॅनोबरोबर जोडताना आय-टू-सीचे पुल-अप ३.३ लाच बांध. चिपला वेगळा बंद डबा हवा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चारी कडा डाग देऊन बंद केलास तरी पुरे. पक्का ॲल्युमिनियमचा हवा असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपवाल्याला सांग, उरलेल्या तुकड्यातून करून देतात. डबा बंद असला की पंख्याचा वारा क्रिस्टलवर येत नाही. खानापूरच्या पावसाळी दमटपणात ते निम्मं काम असतं. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग चढले की अँटेना आधी काढून खिडकीबाहेर ठेवायची, मग बाकी.

कॅलिब्रेशनला काउंटर लागत नाही. क्लॉक ० वर १० मेगाहर्ट्झ लाव, आउटपुटला हातभर वायर जोडून ती कुठल्याही शॉर्टवेव्ह रेडिओच्या अँटेनाजवळ ठेव, आणि रेडिओ १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळसंकेत स्टेशनवर लाव, साध्या एएममध्ये. रेडिओचा स्वतःचा काटा चुकला असला तरी हरकत नाही, कारण तू दोन लहरी एकमेकींशी ताडून बघतेस. फरक असेल तर गुणगुण ऐकू येईल. कोडमधला २५ मेगाहर्ट्झचा आकडा थोडा-थोडा बदलत जा, २५ हर्ट्झ हलवलेस की १० मेगाहर्ट्झवर १० हर्ट्झ हलतात. गुणगुण खाली उतरत जाईल, मग आवाज नुसता हळूहळू चढ-उतार करेल. त्या चढ-उताराला एक-दोन सेकंद लागू लागले की थांब, तो आकडा लिहून ठेव. हे काम सेट डब्यात घालून, अर्धा तास चालू ठेवून मगच कर.